फायबरग्लासचा रॉड किती टिकतो, कुठे चालतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यात हिडकल जलाशयाच्या काठावर, खानापूरकडे मलप्रभेच्या डोहांवर, चिकोडी-रायबाग भागात कृष्णेच्या घाटांवर हल्ली कळकाच्या काठीपेक्षा रीळ लावलेला रॉड जास्त दिसतो. रॉड घेतला की प्रश्न सुरू होतात, आणि फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडे बहुतेक लोक पेंडेचा नाहीतर गांडुळाचा गळ टाकून काठावर बसतात. त्या मासेमारीला फायबरग्लास, म्हणजे राळेत बसवलेल्या काचेच्या धाग्यांचा रॉड, पुरून उरतो. मात्र "हा मोडतच नाही" या भरवशावर त्याचे जे हाल होतात, त्यातच तो जातो.

फायबरग्लासचा रॉड मोडत नाही म्हणतात. खरं आहे का?

मोडतो, पण त्यासाठी बराच छळ करावा लागतो. रॉड वाकला की बाहेरच्या अंगाचे धागे ताणले जातात आणि आतल्या अंगाचे दाबले जातात. रॉडसाठी वापरतात तो काचेचा धागा तुटण्याआधी आपल्या लांबीच्या साधारण ४.५ टक्के ताण सोसतो. नेहमीच्या कार्बनच्या धाग्याची हद्द दीड-दोन टक्क्यांतच येते. म्हणून काचेचा रॉड वाऱ्यातल्या शाळूच्या ताटासारखा पार मुठीपर्यंत वाकून पुन्हा सरळ होतो. तेवढ्याच वाकण्याला कार्बनचा रॉड केव्हाच दगा देतो.

दुसरी गोष्ट ठोक्याची. कार्बनच्या रॉडची भिंत पातळ असते. तो दगडावर आपटला किंवा उडून आलेलं शिसं त्याला लागलं, तर वरून काही दिसत नाही. मग महिन्याभराने साधा अर्धा किलोचा मासा ओढताना त्याच जागी तुटतो आणि माणूस म्हणतो, "रॉडच खराब होता." काचेच्या नळीची भिंत जाड असते. तिला मार लागला तर रंगाखाली पांढुरका डाग उठतो, म्हणजे निदान कळतं तरी.

मोडण्याची तऱ्हाही वेगळी. कार्बन फटाक्यासारखा आवाज करून तुटतो. काच आधी पांढरी पडते, मग उभी चिरफळते, आणि मोडल्यावरही दोन्ही तुकडे धाग्यांनी एकमेकांना धरून राहतात. तेवढ्यावर मासा काठाला आलेला मी पाहिलाय. फक्त त्या मोडक्या जागेवरून उघडा हात फिरवू नका. काचेची कुसळं बोटात जातात, दिसत नाहीत आणि दिवसभर सलतात. गेलीच तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून वर ओढली की बरीचशी निघतात.

मग लोक कार्बनचे महाग रॉड कशाला घेतात?

वजन आणि हाताला लागणारी चाहूल, या दोन गोष्टींसाठी. काचेच्या धाग्याचा ताठपणा साधारण ७२ गिगापास्कल, नेहमीच्या कार्बनचा २३० च्या आसपास. घनता काचेची २.५५, कार्बनची १.८. म्हणजे तेवढ्याच वजनात कार्बन काचेच्या चौपटीहून जास्त ताठ पडतो. तितकाच ताठ रॉड काचेचा करायचा म्हटलं तर नळी जाड करावी लागते, आणि जाड नळी जड होते. सहा फुटांत हे फारसं जाणवत नाही. दहा फुटांचा काचेचा रॉड घेऊन दिवसभर फेकत बसलात तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

चाहूल म्हणजे माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी मुठीत कळणं. काच तो धक्का वाटेत बराचसा पिऊन टाकते. पण तुम्ही रॉड बेचक्यावर टेकवून, शेंड्याला घुंगरू बांधून झाडाखाली बसणार असाल, तर मुठीत काय कळतं याने काय फरक पडतो? तुमच्यासाठी घुंगरू वाजलं म्हणजे झालं.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेतून. तिथे आधी चांगले रॉड चीनमधल्या टोंकिन बांबूच्या चिरफळ्या चिकटवून करत. १९४० च्या दशकात ओहायो राज्यातले आर्थर हॉवाल्ड यांनी काचेचे धागे आणि राळ वापरून रॉड बनवला. शेक्सपिअर नावाच्या कंपनीने तो 'वंडररॉड' म्हणून विकायला काढला. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्यावर तो बांबू येणंच थांबलं आणि काचेच्या रॉडला रान मोकळं झालं. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बनचा रॉड आणला आणि पुढे कार्बनने बाजार व्यापला. १९७६ मध्ये शेक्सपिअरनेच काच आणि कार्बन एकत्र करून 'अग्ली स्टिक' काढला. आज जगभर 'धोपटला तरी चालतो' अशी त्याची ख्याती आहे. आपल्याकडे 'मिक्स' किंवा 'कॉम्पोझिट' म्हणून जे रॉड मिळतात ते याच कुळातले.

दुकानदार 'कार्बन' म्हणून देतो. तो खरंच कार्बन आहे की काळा रंग दिलेली काच, कसं ओळखायचं?

चौकटी-चौकटीची नक्षी बघून भुलू नका, ती नुसत्या कागदाचीही असते. शेवटची बुच्ची काढून नळीची कड पाहा. काच पांढरट, पिवळसर, थोडी दुधाळ दिसते. कार्बन आरपार काळा-राखी असतो. शेंड्याचा बारीक भाग उन्हाकडे धरा. रंग नसेल तिथून उजेड झिरपला तर ती काच. कुणी वायरमन ओळखीचा असेल तर त्याचा मल्टिमीटर उघड्या कडेला लावून पाहा. कार्बनमधून वीज वाहते, काचेतून नाही.

काच निघाली म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. नाराजी कार्बनच्या दराने काच घेतल्याची असावी.

हिडकलला रोहू-कटल्यासाठी कसला रॉड घेऊ?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक चुकतातही इथेच.

हिडकल म्हणजे घटप्रभेवरचा राजा लखमगौडा जलाशय. काठ मोकळे, झाडांचा अडसर कमी. त्यामुळे सात-आठ फुटांचा रॉड आरामात फिरतो. रोहू, कटला, मृगळ, सिप्रिनस (कॉमन कार्प) हे सगळे गळाला लागल्यावर लांब पळणारे मासे. पळताना डोकं झटकतात. ताठ रॉड असला तर त्या झटक्याने तोंडातला गळ फाटून निघतो, नाहीतर तंगूस (गळाची दोरी) तुटतो. काचेचा रॉड प्रत्येक झटक्याला वाकून ढील देतो आणि लगेच ओढून धरतो, त्यामुळे तंगूस सैल पडत नाही. अशा माशांना फायबरग्लासच का बरा, याचं उत्तर एवढंच आहे.

आता चुकतं कुठे ते सांगतो. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: लांबी, किती पौंडांचा तंगूस, किती ग्रॅमपर्यंत फेकायचं. आपण आकडा वाचतो आणि शिशाचा तुकडा तेवढ्याच ग्रॅमचा लावतो. वर आमिष थापायच्या तारेच्या स्प्रिंगभोवती शेंगदाण्याच्या पेंडेचा ओला लाडू थापतो, त्याचं वजन कोण धरतो? भिजलेली पेंड आणि कणीक यांचा लिंबाएवढा गोळाही पन्नास ग्रॅमच्या पुढे जातो. म्हणजे ३० ग्रॅमच्या रॉडने तुम्ही ८०-९० ग्रॅम फेकताय, तेही धावत येऊन, जोर लावून. रॉड फेकताना मोडतो आणि नाव माशाचं होतं. एकदा घरच्या काट्यावर स्प्रिंग, शिसं आणि लाडू एकत्र तोलून पाहा. मग ५०-१०० किंवा ८०-१५० ग्रॅम लिहिलेला रॉड घ्या. अशा कामाला जाड काचेचा रॉड स्वस्तात मिळतो आणि तो फेकताना झटका न देता, हळू वेग वाढवत नेला तर ओला लाडू हवेत फुटतही नाही.

सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थाच्या जलाशयालाही हेच लागू.

खानापूर भागात मलप्रभेवर तोच रॉड चालेल का?

चालेल, पण तो अडचणीचा होईल. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. खानापूर तालुक्यात तिचं पात्र अरुंद आहे आणि दोन्ही काठांना करंज, जांभूळ, बांबू पाण्यावर ओणवलेले. आठ फुटी रॉड मागे नेला की शेंडा झाडात. साडेपाच ते सहा फुटांचा हलका काचेचा रॉड, बारीक तंगूस, गांडूळ किंवा कणकेची गोळी घेऊन फांदीखालून कुशीतून फेकायचं. काचेचा रॉड सगळ्या लांबीत वाकत असल्यामुळे मागे न नेताही दहा-बारा ग्रॅम बऱ्यापैकी जातं. हे ताठ रॉडने सहसा जमत नाही. पावभर वजनाच्या माशालाही त्यावर मजा येते.

या बाजूच्या डोहात महसीर लागला तर सोडून द्या. दख्खनच्या नद्यांतला हा मासा खूप कमी झालाय. लवचिक रॉडवर तो दमायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून महसीर असण्याची शक्यता असेल तिथे फार बारीक तंगूस वापरू नका. मासा अर्धमेला करून सोडण्यात काही अर्थ नाही.

मरळीसाठी फायबरग्लास कसा?

खरं सांगायचं तर नको. मरळ शेवाळात, जलपर्णीत, वेलांच्या जाळीत राहते. तिथे रबरी बेडूक पाण्यावरून ओढायचा, आणि तिने झेप घेतली की दोन मोठे गळ तिच्या हाडकट जबड्यात रुतवायचे. मऊ रॉड असला तर तुम्ही झटका देता तो रॉडच खातो, गळापर्यंत पोचत नाही. रुतलाच तर मरळ वेलांत शिरते, आणि लगोलग बाहेर खेचायला लागणारा ताठपणा काचेत नसतो. इथे कार्बनचा किंवा काच-कार्बन मिश्रणाचा, मध्यम-जड ताकदीचा साडेसहा-सात फुटी रॉड आणि विणलेला तंगूस घ्या.

जिवंत आमिष लावून मरळीची वाट पाहणारे जुने लोक मात्र काचेवर खूश असतात. मासा आमिष तोंडात घेतो, मऊ रॉड त्याला संशय येऊ देत नाही. ही पद्धत वेगळी.

तिनाकडी गळ असलेले, पाण्यात थरथरत जाणारे प्लॅस्टिकचे मासे ओढायचे असतील तर पुन्हा काच बरी. ते बारीक गळ जोराच्या झटक्याने निसटतात. रॉड जरा उशिरा ओढ घेणारा असला की मासा स्वतःच स्वतःला अडकवून घेतो.

आमच्या अंकलीकडे कृष्णेचे काठ उंच आहेत. तिथे?

आठ-नऊ फूट, जाड काच, भक्कम मूठ. शिंगाळा, वाम, मोठा कटला यांच्याशी पाण्यातली लढाई रॉड निभावेल. प्रश्न शेवटच्या दोन मीटरांचा आहे. पाण्यातून मासा रॉडने उचलून काठावर घेण्याची सवय मोडा. पाण्यात तीन किलोच्या माशाचा भार पाणी उचलतं, हवेत तो सगळा शेंड्यावर येतो. त्यातून आपण रॉड उभा करून डोक्यामागे नेतो, तेव्हा सगळं वजन शेवटच्या फूटभर बारीक भागावर पडतं. काच इथे कार्बनपेक्षा जास्त सोसते, तरी शेंडे मोडायचं पहिलं कारण हेच. लांब दांड्याची हातजाळी घ्या आणि खाली उतरायला जागा असेल तिथेच बसा. उतरताना पाण्याकडे बघून उतरा, कृष्णेत मगरी आहेत.

माझा पोरगा आठ वर्षांचा आहे. त्याला कसला देऊ?

पाच फुटांचा, भरीव शेंड्याचा, काचेचा. तो त्यावर बसेल, दारात चेमटवेल, त्याने कुत्रं हाकलेल. तेवढं सोसणारी दुसरी वस्तू नाही. पहिले काही दिवस गळ न लावता नुसतं शिसं फेकू दे अंगणात.

कळकाची काठी काय वाईट होती?

काहीच नाही. ओढ्याला, कालव्याला, विहिरीला चिलापीसाठी आजही तिच्यासारखी सोय नाही, आणि ती बांधावर फुकट मिळते. पण तिला भुंगेरा लागतो, पावसात ती ओली होऊन जड पडते, आणि रीळ लावून लांब फेकता येत नाही. ज्याला काठापासून दोन हातांवरचाच मासा हवा त्याने पैसे घालवू नयेत.

भरीव घेऊ, पोकळ घेऊ, की एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक?

भरीव काच सर्वात दणकट आणि सर्वात जड. लहान मुलांच्या आणि होडीवरच्या आखूड रॉडला ठीक. काठावरून फेकायला पोकळ नळीचा, दोन तुकड्यांचा रॉड घ्या. पोकळ नळी, त्यावर भरीव शेंडा बसवलेला, हा माझ्या मते आपल्या भागासाठी उत्तम मेळ आहे. शेंडा मार खातो, नळी वजन वाचवते.

टेलिस्कोपिक रॉडची मोह पाडणारी गोष्ट म्हणजे तो दप्तरात मावतो. त्यात सांधे पाच-सहा, आणि प्रत्येक सांध्यात वाळू शिरायची सोय. वाळू शिरली की नळी आतून खरवडली जाते, सांधा सैल होतो, फेकताना एखादा तुकडा फिरतो आणि कड्या (ज्यांतून तंगूस जातो त्या) वाकड्यातिकड्या रेषेत जातात. घ्यायचाच तर घरी आल्यावर सगळे तुकडे ओढून ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, मग बंद करा. बंद करताना मुठीकडच्या जाड तुकड्यापासून सुरुवात, उघडताना शेंड्याकडून.

फायबरग्लास वर्षानुवर्षं टिकतो म्हणतात. माझा दोन पावसाळ्यांत गेला. का?

बहुतेक वेळा नळी गेलेली नसतेच. गेलेल्या असतात कड्या, सांधा नाहीतर रीळ बसवायची जागा. काच कुजत नाही, गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही. पण धाग्यांना धरून ठेवणारी राळ उन्हाला कंटाळते. रॉड वर्षभर गच्चीवर किंवा गोठ्याच्या पत्र्याला टेकवून ठेवला तर वरचं रोगण भुकटी होऊन निघतं, नळी पांढुरकी दिसते, हात फिरवला की खाजतं. तो धागा उघडा पडल्याचा पुरावा. वेळीच बारीक पॉलिश कागद हलका मारून वार्निशचा हात दिला तर रॉड आणखी कितीतरी वर्षं जातो. घासताना पाणी लावून घासा आणि नाकाला फडकं बांधा.

खानापूर-जांबोटीकडे अडचण उन्हापेक्षा ओलीची. पावसाळ्यात रॉड ओलाच कापडी पिशवीत घालून कोपऱ्यात उभा केला की कड्यांच्या पायांना गंज चढतो, दोऱ्याखाली हिरवट डाग येतात, बुचाच्या मुठीला बुरशी लागते. आधी पुसा, सावलीत वाळवा, मग पिशवी. गोकाक-सौंदत्तीच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेमागे रॉड ठेवू नका. नळीला काही होत नाही, पण शेंड्याची कडी ज्या गोंदाने बसवलेली असते तो मऊ पडतो आणि कडी फिरते.

आणि मोटरसायकल. माशाने मोडलेले रॉड कमी, दुचाकीने मोडलेले जास्त. रॉड हँडलला आणि मागच्या कॅरिअरला दोरीने आवळून बांधतात, गाडी खड्ड्यातून जाते, दोन गाठींच्या मध्ये रॉड प्रत्येक धक्क्याला एकाच जागी वाकतो. वाटेत उसाची ट्रॉली आडवी आली तर शेंड्याचं काय होतं ते सांगायला नको. दीड-दोन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या. कड्यांची रुंदी मोजून पाईप निवडा. एका तोंडाला चिकटवलेली टोपी, दुसऱ्याला काढता येणारी, आत तळाला स्पंजचा तुकडा. बोअर बसवणाऱ्याकडे उरलेला पाईप पडूनच असतो. रॉडच्या किमतीच्या मानाने हा खर्च म्हणजे काहीच नाही.

कड्या कशा तपासायच्या?

कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून गोल फिरवून ओढा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतात तिथे चीर किंवा खाच आहे. आतली चिनी मातीची गोल चकती चिरलेली असते, डोळ्यांना दिसत नाही, पण तंगूस रोज तिथेच खरवडला जातो. मग मोठा मासा लागला की 'तंगूस हलका निघाला' म्हणून आपण तंगूस बदलतो, कडी तशीच. साध्या पातळ तारेच्या कड्या असतील तर विणलेला तंगूस त्यांत काही दिवसांत खाचा पाडतो. त्या रॉडवर साधा एकेरी नायलॉनच वापरा.

रॉड विकत घेताना मी नळीपेक्षा कड्यांकडे जास्त वेळ बघतो. मुठीकडून एक डोळा मिटून पाहायचं: सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात, दोऱ्यावरचा थर गुळगुळीत हवा, कुठे बुडबुडा किंवा उघडा दोरा नको. सात फुटी रॉडला चारच कड्या असतील तर वाकल्यावर तंगूस नळीला घासतो. काचेचा रॉड जास्त वाकतो, म्हणून त्याला कड्याही जास्त लागतात. स्वस्त रॉडमध्ये नेमक्या त्याच वाचवलेल्या असतात.

सांधा अडकलाय, निघत नाही. पक्कड लावू?

पक्कड लावली की नळी चिरली म्हणून समजा. खाली बसा, रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा घ्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांलगत हात धरा आणि गुडघे बाहेर फाका. ओढ सरळ रेषेत लागते आणि सहसा सुटतो. पिळू नका. सांध्यावर बर्फ चोळून पाहायलाही हरकत नाही.

उलट सांधा सैल झाला असेल तर आतल्या टोकावर मेणबत्ती घासा. फेकताना अधूनमधून सांधा दाबून बघत जा. थोडा सैल सांधा तसाच वापरला तर बाहेरच्या तुकड्याचं तोंड चिरतं.

मोडलेला रॉड जोडता येतो का?

शेंड्याची दोन-चार बोटं गेली असतील तर सोपं. कड सरळ कापून घासा, त्या जाडीची नवी शेंड्याची कडी आणा, गरम करून लावायच्या गोंदाच्या कांडीने बसवा. झटपट चिकटणारा द्रव गोंद लावू नका, तो ठिसूळ होतो आणि पुढच्या वेळी कडी काढता येत नाही. रॉड थोडा आखूड आणि ताठ होतो, एवढंच.

मधे मोडला असेल तर आत घट्ट बसेल असा दुसऱ्या मोडक्या रॉडचा तुकडा घ्या, दोन्हीकडे निदान चार-चार बोटं आत जाईल इतका लांब. अराल्डाइट लावून बसवा, वरून दोरा जवळजवळ गुंडाळून त्यावरही तेच लावा आणि पूर्ण दिवस हलवू नका. काचेला ही दुरुस्ती चांगली मानवते, कारण भिंत जाड असल्याने गोंदाला धरायला जागा मिळते. फेकायचं वजन मात्र त्यानंतर निम्म्यावर आणा. मुठीजवळच्या मोडीवर मेहनत करू नका.

तळाला गळ अडकला की रॉड वाकवून झटके देतो. काच आहे, चालेल ना?

नाही चालणार. जलाशयाच्या तळाशी जुन्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे असतात. तिथे झटक्याने गळ आणखी रुततो. रॉड तंगुसाच्या रेषेत सरळ धरा, शेंडा पाण्याकडे, हातावर फडकं गुंडाळून तंगूस धरा आणि मागे चालत जा. उघड्या हाताने विणलेला तंगूस ओढलात तर बोट कापेल.

रिळाचा ड्रॅग किती आवळायचा?

ड्रॅग म्हणजे किती ओढीला रीळ तंगूस सोडू लागतं ते. तंगूस जितका भार सोसतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा. १० पौंडी म्हणजे साधारण ४.५ किलोचा तंगूस असेल तर सव्वा ते दीड किलोला रीळ सुटायला हवं. स्प्रिंगचा काटा तंगुसाला अडकवून, रॉड अर्धा वाकवून मोजा. बेचक्यावर रॉड ठेवून चहाला जाणाऱ्यांनी ड्रॅग आणखी सैल ठेवावा. नाहीतर सिप्रिनस रॉडसकट घेऊन जातो.

काचेतून वीज जात नाही, मग तारेखाली बसलं तर चालतं?

मुळीच नको. कोरडी काच वीज वाहू देत नाही हे खरं. ओला रॉड, ओला तंगूस, ओले हात, कड्यांचं पोलाद आणि रीळ यांना तो नियम लागू नाही. नदीवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना रॉड आडवा ठेवून लांब व्हायचं. कार्बन असो वा काच.

परवाना लागतो का?

आधी विचारा, मग गळ टाका. जलाशयांत मासेमारीचे परवाने मत्स्य खातं देतं आणि गावोगावचे तलाव ठेक्याने दिलेले असतात. ठेकेदाराने त्यात बी सोडलेलं असतं, त्याचा राग रास्त असतो. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. भीमगड अभयारण्यात आणि धुपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात गळ टाकायचा विचारच नको. जून-जुलैत नव्या पाण्याला रोहू-कटला-मृगळ अंडी सोडायला वर चढतात. तेव्हा पोटात गाभोळी भरलेली मादी धरण्यापेक्षा रॉडच्या कड्या तपासत घरी बसलेलं बरं.

सुट्टीला कारवारला, मालवणला जातो. हाच रॉड समुद्राला चालेल?

जेटीवरून, खाडीत, होडीतून उत्तम चालेल. होडीवर कठड्याला आपटण्याचं भय जास्त, तिथे तर काचच हवी. वाळूवर उभं राहून लाटांपलीकडे फेकायला बारा-तेरा फूट लागतात, आणि तेवढ्या लांबीचा काचेचा रॉड फार जड होतो. तिथे मिश्रणाचा किंवा कार्बनचा घ्या. खारं पाणी नळीला काही करत नाही, पण कड्या आणि रिळाची जागा आठ दिवसांत खाऊन टाकतं. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, रिळाची पकड सोडवून तिच्या खालूनही.

ओळखीतला एक जण जुना काचेचा रॉड देतोय. घेऊ का?

घ्या, पण हातात घेऊन बघून. नळीवर बोटाने हळू टिचक्या मारत मुठीपासून शेंड्यापर्यंत जा. मधेच आवाज बद्द झाला तर तिथे आत चीर आहे. पांढरे डाग, आडव्या रेघा, दोऱ्याखालचा गंज पाहा. मग शेंड्याला तंगूस बांधून जमिनीवर एक किलोची पिशवी ठेवा आणि हळूहळू ताण द्या. वाक सगळीकडे सारखा गोलाई घेत गेला पाहिजे. एखाद्या जागी कोपर आल्यासारखा मोडता वाक दिसला तर परत द्या. कड्या खराब असतील तर त्याची किंमत कमी करून घ्या. कड्या नव्या बसवता येतात.